दोन थापा, एक टाळी

"आई, तू भाकरी थापत नाहीयेस, तू गाणं वाजवतेयस!" गेल्या दिवाळीत पुण्याहून सुट्टीला आलेला माझा मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला. मी परातीकडे बघितलं, हाताकडे बघितलं. खरंच की! दोन थापा, मग हाताचं पीठ झटकायला एक टाळी. पुन्हा दोन थापा, एक टाळी. धप धप टप्, धप धप टप्. क्रिकेटच्या नाहीतर फुटबॉलच्या मैदानावर हजारो माणसं पाय आपटून, टाळ्या पिटून जो ठेका धरतात, तोच हा. मैत्रिणींनो, टीव्हीवर तो तुम्ही शंभरदा ऐकलाय. तो कुणाचा, हे फक्त कुणी सांगितलेलं नसेल.

तो 'क्वीन' नावाच्या इंग्लंडच्या रॉक बँडचा. गाण्याचं नाव 'वुई विल रॉक यू', साल १९७७. त्या वर्षी स्टॅफर्डजवळच्या बिंगली हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. कार्यक्रम संपला तरी प्रेक्षक हलेनात. उलट त्यांनीच बँडला एक गाणं म्हणून दाखवलं, जे तिकडे फुटबॉलच्या सामन्यांना म्हणतात. गिटारवाला ब्रायन मे यावर विचार करत बसला, की एवढ्या दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांना करता काय येईल? पाय आपटता येतील, टाळ्या वाजवता येतील, गाता येईल. त्यातून हा ठेका निघाला. रेकॉर्डिंगलाही ड्रम न घेता लाकडी फळ्यांवर पाय आपटले होते. त्याच वेळी मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरीने 'वुई आर द चॅम्पियन्स' लिहिलं. तेही आज जगभर विजयी संघांसाठी वाजतं. म्हणजे मैदानातून निघालेलं गाणं परत मैदानातच गेलं!

(हा ब्रायन मे खगोलशास्त्राची पीएच.डी. अर्धवट सोडून गाण्यात गेला होता. तीस वर्षांहून जास्त काळानंतर, साठीला टेकल्यावर, २००७ मध्ये त्याने ती पुरी केली. 'आता या वयात काय बी.ए. करायचं' असं मला विचारणाऱ्या बायकांना मी हे आवर्जून सांगते.)

तर मी क्वीनची फॅन आहे. माझं माहेर कराडचं. दादा पुण्याला इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर होता, त्याने १९९५ च्या सुमारास एक कॅसेट आणली. गाण्यातले निम्मे शब्द कळत नव्हते, पण तो आवाज पोटात जाऊन बसला. नंतर लग्न होऊन वाईला आले आणि एक दिवस कळलं, की हा फ्रेडी म्हणजे मूळचा फारुख बुलसारा, झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा, आणि त्याची शाळा कुठली, तर पाचगणीची सेंट पीटर्स! आमच्या डोक्यावरच्या पसरणी घाटातून वर गेलं की पाचगणी. तिथे शाळेत असताना त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा मुलांचा बँड काढला होता, त्यात तो पियानो वाजवायचा. माझे सासरे तरुणपणी घाट चढून पाचगणीच्या हॉटेलांना आणि वसतिगृहांना भाजी पोचवायचे. कुणी सांगावं, आमच्या शेतातलं वांगं नाक मुरडत त्या पोरानेही खाल्लं असेल! सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग पैशे दिल्याबिगर गेला नसंल, पारशी हिशोबाला चोख असत्यात."

पण गंमत बघा. देवाची भक्ती करणारी बाई सगळ्यांना चालते, महाराजांच्या सत्संगाला चार दिवस घर सोडून गेली तरी चालते. बाई कुणाची 'फॅन' आहे म्हटलं की मात्र हसू येतं. आमच्या ह्यांना १९८३ च्या वर्ल्ड कपमधल्या कपिलच्या १७५ धावांवर रात्री दोन वाजता उठवून विचारलं तरी बोलता येतं, ती त्यांची 'आवड'. मी २०१८ मध्ये फ्रेडीवरचा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सिनेमा बघायला एकटी एस.टी.ने पुण्याला गेले, ते माझं 'खूळ'. शेजारच्या काकूंनी तर विचारलं, "घरी काही झालंय का गं?" बाईने आवड धरायची ती घरच्यांच्या उपयोगाची. विणकाम, लोणची, फार तर भजनी मंडळ. नुसतं आवडतं म्हणून आवडतं, हे तिने कुणाला पटवून देत बसायचं?

मला तर वाटतं, कुणाचं तरी फॅन असायला हवं. माणसाला स्वतःच्या संसाराबाहेरच्या कुणाचं तरी कौतुक वाटणं, त्याच्यासाठी जीव वरखाली होणं, हे मन तरुण असल्याचं लक्षण आहे. माझा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो मला गेल्या काही महिन्यांत फार छळतोय. टाळी वाजवताना डोळे उघडे ठेवायचे की मिटायचे?

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र तुम्हालाही आठवत असेल. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुली विश्वचषकाची अंतिम लढत खेळत होत्या. पावसाने उशीर केला, त्यामुळे स्वयंपाक, जेवणं, आवराआवर सगळं उरकून आम्ही बायका टीव्हीसमोर बसू शकलो, तेवढी वरुणराजाची कृपा! आमच्या शेजारच्या सांगलीत वाढलेली स्मृती मानधना खेळायला आली तेव्हा सासूबाईंनी बोटं मोडून तिची दृष्ट काढली. शफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माच्या ५८ धावा आणि वर पाच बळी. हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला आणि ५२ धावांनी आपण जिंकलो, तेव्हा मध्यरात्र झाली होती. मी रडले. ह्यांनी न विचारता चहा ठेवला, हे त्या रात्रीचं दुसरं आश्चर्य.

मला डायना एडल्जी आठवत होत्या. त्याही पारशीच. १९७८ मध्ये महिलांचा विश्वचषक पहिल्यांदा भारतात झाला, तेव्हा त्या आपल्या कर्णधार होत्या. पण भारतीय क्रिकेट मंडळाने बायकांचं क्रिकेट आपल्या पदराखाली घेतलं ते थेट २००६ मध्ये! तोवर या मुली खेळल्या त्या टाळ्यांशिवायच म्हणायच्या. आम्ही फॅन तेव्हा कुठे होतो, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. उत्तर बरं नव्हतं. मी त्या काळात सचिनचे कात्रण-फोटो वहीत चिकटवत होते.

त्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या कर्णधाराने, लॉरा वोल्वार्डने, शंभर काढल्या. सासूबाई म्हणाल्या, "त्या पोरीचं वाईट वाटतंय गं. एवढं करून हरली." आणि त्यांनी तिच्यासाठी टाळी वाजवली. वय वर्षं ब्याऐंशी, क्रिकेटचं ज्ञान शून्य, पण फॅन कसं असावं हे त्यांना कुणी शिकवायला नको.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी मुलाला म्हटलं, या आफ्रिकेच्या संघात खाका आणि म्लाबा नावाच्या दोन काळ्या मुली गोलंदाजी करत होत्या, ते बघून मला बरं वाटलं. ह्यांनी लगेच पेपरमधून डोकं वर काढलं, "खेळात राजकारण आणू नये."

हे वाक्य आपण किती सहज बोलतो! 'गाण्यात राजकारण आणू नका, खेळात राजकारण आणू नका.' पण दक्षिण आफ्रिकेत ते कुणी बाहेरून आणलं नव्हतं. वर्णद्वेषाच्या कायद्यांमुळे तिथे काळ्या माणसाला देशाकडून खेळायलाच मिळत नव्हतं. म्हणून जगाने त्यांच्याशी खेळणं बंद केलं. १९७४ मध्ये टेनिसच्या डेव्हिस कपची अंतिम फेरी भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका अशी ठरली. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात होते, सोव्हिएत रशियाला हरवून आपण तिथवर पोचलो होतो. आणि भारत खेळलाच नाही. वर्णद्वेषी देशाशी सामना नको, असं सरकारने ठरवलं आणि कप न खेळता दक्षिण आफ्रिकेला गेला. त्यानंतर १९८७ मध्ये आपण पुन्हा अंतिम फेरीत गेलो, स्वीडनकडून हरलो. डेव्हिस कप आपल्याकडे आजवर आलेला नाही. विचार करा, त्या दोन भावांनी काय गिळलं असेल! आयुष्यात एकदा आलेली संधी, आणि ती सोडायची कुणासाठी, तर कधी न बघितलेल्या माणसांसाठी.

आता माझी दुखरी जागा सांगते. याच दक्षिण आफ्रिकेत, दहा वर्षांनी, १९८४ च्या ऑक्टोबरात माझा लाडका क्वीन बँड सन सिटी नावाच्या चैनीच्या ठिकाणी गायला गेला. जगातले कलाकार तिथे बहिष्कार टाकत होते, आणि हे गेले. ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेने त्यांना दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्यांचं नाव चढलं. त्यांचं म्हणणं काय, तर आम्ही राजकारण करत नाही, आम्ही गाणी म्हणतो. म्हणजे आमच्या ह्यांचंच वाक्य!

मला हे कळलं तेव्हा मी चाळिशीत होते. दोन दिवस गाणी लावली नाहीत. एखाद्या जवळच्या नातेवाइकाने केलेला जुना गैरव्यवहार बाहेर यावा तसं झालं. मग फॅन लोक करतात ते सगळं केलं. 'तेव्हा त्यांना माहीत नसेल', 'सगळेच जात होते', 'विरोधकांनी वाढवून सांगितलं असेल'. पण माहीत होतं, सगळे जात नव्हते, आणि कुणी वाढवून सांगितलं नव्हतं. चूक ती चूक. १९८५ च्या जुलैमध्ये 'लाइव्ह एड' या दुष्काळनिधीच्या कार्यक्रमात त्यांनी वेम्बली स्टेडियम डोक्यावर घेतलं आणि जग सन सिटी विसरलं. मी मात्र विसरायचं नाही असं ठरवलंय. आवाज अजूनही पोटात जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही मला एकाच मनात ठेवाव्या लागतात. नवऱ्याचं घोरणं आणि नवऱ्याचा चांगुलपणा ठेवतोच की!

फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला. एड्सने. आदल्याच दिवशी त्याने आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं होतं. त्याच महिन्यात, १० नोव्हेंबरला, बहिष्कार उठलेला दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला, तो कोलकात्याला, आपल्याशी. आणि २००३ च्या २९ नोव्हेंबरला केपटाउनमध्ये नेल्सन मंडेलांच्या तुरुंगातल्या क्रमांकाच्या नावाने, ४६६६४ नावाने, एड्सविरोधी मोठा कार्यक्रम झाला, तेव्हा क्वीनचे ब्रायन मे आणि रॉजर टेलर तिथे वाजवायला होते. ज्या देशात चुकले होते, त्याच देशात. याला प्रायश्चित्त म्हणायचं की नाही ते मला ठरवता येत नाही. पण गेले, एवढं खरं.

एड्सचा विषय माझ्या कामातून माझ्या फार जवळचा आहे. लग्नानंतर मी एका महिला संस्थेबरोबर काम करू लागले, तेव्हा आमच्या भागात घरटी कुजबुज चालायची. ट्रकवर जाणारा कुणी वारला की त्याच्या बायकोला संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं बंद. एकीचं तर भांडं वेगळं ठेवलं होतं, मांजराच्या शेजारी. मी एका बैठकीत बायकांना पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या त्या गायकाची गोष्ट सांगितली. सांगताना भीती वाटत होती, की म्हणतील, ही कुठल्या इंग्रजी गाणाऱ्याचं कौतुक सांगतेय. पण एका आजीने विचारलं, "एवढा पैसेवाला असून त्यालाबी औषध मिळालं नाही?" नाही आजी, तेव्हा नव्हतंच. एकत्रित औषधं आली १९९६ च्या आसपास, आणि आपल्याकडे सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळायला लागली एप्रिल २००४ पासून. ती मांजराशेजारच्या भांड्याची बाई पुढे औषधावर उभी राहिली. आज ती आमच्या बचत गटात आहे, तिची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला विचारूनच हे लिहितेय. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

पण आधी राजकारण.

मी एफ.वाय.ला होते तेव्हा, १ नोव्हेंबर १९९६ ला, मायकेल जॅक्सन मुंबईत आला. अंधेरीच्या क्रीडासंकुलात कार्यक्रम झाला, शिवउद्योग सेनेसाठी. त्या वेळच्या युती सरकारने करमणूक कर माफ केला आणि मुंबई ग्राहक पंचायत त्याविरुद्ध न्यायालयात गेली. आमच्या मराठीच्या सरांनी वर्गात सहज विचारलं, "तमाशाच्या फडाला कर आणि याला माफी, ती का?" आम्ही मुली सरांवर अशा चिडलो! 'सरांना काही कळत नाही, म्हातारे झालेत.' प्रश्न बरोबर की चूक, हे आम्ही बघितलंच नाही. आवडत्या माणसाबद्दल कुणी प्रश्न विचारला, हाच गुन्हा.

हीच सवय घेऊन मी पुढे मतदार झाले. तिशीत मला एक नेते फार आवडायचे. नाव नको. काय भाषण करायचे! मुलाला कडेवर घेऊन मी तीन तास उन्हात उभी राहिले होते. आमच्या वस्तीला पाण्याची टाकी देतो म्हणाले, मी सगळ्यांत जोरात टाळी वाजवली. पुढची पाच वर्षं आम्ही बायका हंडे घेऊन त्याच हापशावर उभ्या होतो. आणि मी, लोकांच्या वतीने अर्ज लिहिणारी, मोर्चे नेणारी बाई, त्यांना एकदाही विचारायला गेले नाही, की साहेब, टाकी कुठाय? का? तर मला ते आवडायचे. थापेलाही आपण थापच म्हणतो, भाकरीवरच्या आणि भाषणातल्या, हे तेव्हा सुचलं नाही. एकदा मैत्रिणीने सुनावलं तर मी तिलाच म्हटलं, "एकटे साहेब काय काय करणार?" सन सिटीच्या वेळी केला तोच युक्तिवाद!

फरक एवढाच, की फ्रेडीने मला नळजोड देतो असं कधी म्हटलं नव्हतं. तो गाणं देणार होता, ते त्याने दिलं. खेळाडू खेळ देणार, तो देते किंवा हरते. नेता मात्र माझ्या पैशाने माझं काम करायला नेमलेला माणूस आहे. मोलकरणीने भांडी नीट घासली नाहीत तर आपण ऐकवतो, आणि पाच वर्षं टाकी न बांधणाऱ्याची मिरवणूक काढतो, त्याच्या फोटोला दुधाने आंघोळ घालतो. घरी पोराला चहात टाकायला दूध आहे की नाही, हे न बघता!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात हेच बजावून ठेवलंय. धर्मात भक्ती माणसाला मोक्षाकडे नेत असेल, पण राजकारणात भक्ती, विभूतिपूजा ही अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे, असा त्यांचा इशारा होता. आम्ही त्यांच्या पुतळ्याला हार घालतो, आणि संध्याकाळी आपापल्या साहेबांच्या आरत्या म्हणतो.

पुढाऱ्यांना आपली ही कमजोरी बरोबर ठाऊक असते. म्हणून तर त्यांना व्यासपीठावर येताना गाणं लागतं, मैदानात सामना लागला की पहिल्या रांगेत खुर्ची लागते. हे आपल्याकडेच आहे असं नाही. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात डोनाल्ड ट्रम्प व्यासपीठावर आले ते धुरातून, उजेडातून, आणि पाठीमागे कोणतं गाणं? 'वुई आर द चॅम्पियन्स'! आमच्या मर्जीविरुद्ध गाणं वापरलं, असा निषेध क्वीनने लगेच केला. बघा, एके काळी 'आम्ही राजकारण करत नाही' म्हणणाऱ्यांनाही शेवटी बोलावं लागलं. गाण्यावर लोकांनी केलेलं प्रेम फुकटात आपल्या खात्यावर वळवून घ्यायचं, ही ती युक्ती.

आता बचत गट. आम्ही अकरा जणी, २००९ पासून. आमच्या खात्यातून पैसे काढायचे तर अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या लागतात. अध्यक्ष पापड-सांडग्यांचा व्यवसाय करते, सचिव शिलाई. सोळा वर्षं एकमेकींची पोरं सांभाळलेल्या. एकीच्या बाळंतपणात दुसरीने डिंकाचे लाडू केलेत. २०२५ च्या डिसेंबरात नगरपालिकेची निवडणूक आली आणि या दोघी दोन वेगवेगळ्या साहेबांच्या फॅन निघाल्या. गटाच्या व्हॉट्सॲपवर एकीने आपल्या साहेबांचा हार घातलेला फोटो टाकला, दुसरीने त्याखाली एक चेष्टेचं चित्र टाकलं. मग 'आमच्या साहेबांबद्दल बोलायचं काम नाही' पासून सुरू होऊन 'तुझ्या नवऱ्याने ठेका कसा घेतला ते माहीत आहे' इथवर गाडी गेली. शेवटी दोघींनी जाहीर केलं, जिथे तिची सही असेल त्या कागदावर मी सही करणार नाही.

आणि त्याच आठवड्यात नर्सिंगला असलेल्या त्या मुलीची फी भरायची होती. गटातून वीस हजारांचं कर्ज मंजूर झालेलं. फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म नाही.

मी दोघींच्या घरी गेले. एकदा नाही, चारदा. पापडवालीला विचारलं, "तुझ्या साहेबांना तुझं नाव तरी माहीत आहे का?" मला वाटलं, बिनतोड प्रश्न विचारला. ती म्हणाली, "माहीत कशाला असायला पाहिजे? मला ते माहीत आहेत ना!" मी गप्प झाले. फ्रेडीला तरी माझं नाव कुठे माहीत होतं? तिच्या डोळ्यांत जे होतं ते माझ्याही डोळ्यांत असतं, धप धप टप् सुरू झालं की. तिला मी खुळी म्हणू शकत नव्हते. एवढंच म्हणाले, "तुझं त्यांच्यावर प्रेम असू दे. पण त्याचा हप्ता त्या पोरीने का भरायचा?" ती आत निघून गेली. शिलाईवालीने तर मशीन थांबवलंच नाही, माझं बोलणं होईपर्यंत शिवत राहिली.

अठरा दिवस गेले. मग मुलीची आईच उठली. जी कधी कुणाच्या दारात जायची नाही, कारण लोकांनी दारातून परत पाठवल्याचं ती अजून विसरलेली नाही, ती फॉर्म घेऊन आधी एकीच्या, मग दुसरीच्या उंबऱ्याशी जाऊन बसली. काही बोलली नाही म्हणे. नुसती बसली. एका घरी दोन तास, दुसऱ्या घरी दुपार उलटेपर्यंत.

पापडवाली बँकेत आली सकाळी अकराला. शिलाईवाली साडेबाराला. एकाच कागदावर दोघींच्या सह्या झाल्या, एकमेकींचं तोंड न बघता. फी भरली गेली, पाचशे रुपये दंडासकट. दंडाचे पैसे कुणी द्यायचे यावर अजून निर्णय नाही. ते दोन्ही साहेबांकडे मागावेत, असं सासूबाईंचं मत आहे.

निवडणूक होऊन गेली. आता मी आमच्या प्रभागातून निवडून आलेल्याकडे, तो मला आवडत नसला तरी, आणि पडलेल्याकडे, तो थोडाफार आवडत असला तरी, कचऱ्याच्या गाडीबद्दलचा एकच अर्ज दोन प्रतींत घेऊन जाते. पोच घेते, तारीख लिहून घेते. टाळी काम झाल्यावर. यात मोठेपणा काही नाही, टाकीचा चटका लागलेला आहे म्हणून.

दहा तारखेला गटाची मीटिंग झाली. पापडवाली दाराशी बसली, शिलाईवाली खिडकीशी, मधे आम्ही नऊ जणी. हिशोब वाचून झाला, कर्जाचा पहिला हप्ता जमा झाला. मुलीचा परीक्षेचा फॉर्म भरला गेला, असं तिच्या आईने हळूच सांगितलं. तर दाराशी बसलेलीने आणि खिडकीशी बसलेलीने एकदमच विचारलं, "पेपर कधीपासून?" मग दोघीही खाली बघून आपापल्या पदराचं टोक नीट करायला लागल्या.